कट शॉट सगळे थिक बसतात, एमिंग सिस्टिम शिकू का?

क्यूवाला_सांगली
नमस्कार मंडळी. विश्रामबागला एका पार्लरमध्ये दीड-दोन वर्षं पूल (टेबलावर क्यूच्या काठीनं बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ) खेळतोय, क्लास सुटला की संध्याकाळी तिकडंच. सरळ शॉट बरे जातात पण कट (बॉलला बाजूनं लावून तिरका घालायचा शॉट) आला की संपलं, बॉल पॉकेटच्या जबड्याला लागून बाहेर. आणि चुकतो तो कायम एकाच बाजूला, म्हणजे जेवढा कापला जायला पाहिजे तेवढा कापलाच जात नाही, पांढरा त्याला जास्तच मध्यावर लागतो, म्हणजे थिक बसतो. जोरात हाणला तर कधीकधी जातो, हळू मारला की हमखास चुकतो, आणि पोझिशन धरायची (पुढच्या शॉटसाठी पांढरा जागेवर थांबवायचा) तर हळूच मारावं लागतं, मग काय करायचं.

यूट्यूब बघून बघून डोक्याची मंडई झालीय. एकजण म्हणतो घोस्ट बॉल, दुसरा फ्रॅक्शन, तिसरा सीटीई आणि त्याचा कोर्स विकत घ्या म्हणतो. कॅरम मी बऱ्यापैकी खेळतो, तिथं असलं काही कधी लागलं नाही. नेमकी कुठली सिस्टिम धरू? कोर्सला पैसे घालण्यात अर्थ आहे का?

मिरज_जंक्शन
पैसे खिशात ठेव भावा. आधी एक सांग, शॉटला वाकलास की तुझी नजर ऑब्जेक्ट बॉलवर (जो पॉकेटमध्ये घालायचाय त्यावर) नेमकी कुठं असते? माझी पैज आहे तू कॉन्टॅक्ट पॉइंटकडं बघून पांढरा बॉल सरळ त्याच्यावर सोडतोस. बहुतेक नवी पोरं हेच करतात आणि सगळ्यांचा बॉल थिकच बसतो.

हे नीट समजून घे. पॉकेटपासून ऑब्जेक्ट बॉलच्या मध्यातनं रेघ ओढली की ती मागच्या बाजूला जिथं बाहेर पडते तो कॉन्टॅक्ट पॉइंट. पण पांढऱ्याचा मध्य तिथं कधी पोचतच नाही कारण पांढऱ्यालाही जाडी आहे की. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा, म्हणजे टक्कर होते तेव्हा दोन्ही बॉलच्या मध्यांमध्ये तेवढंच अंतर असतं. त्या जागी एक अदृश्य बॉल ठेवलाय असं समजायचं, तोच तुझा घोस्ट बॉल. आता पांढऱ्याच्या मागनं बघ, कॉन्टॅक्ट पॉइंट ऑब्जेक्ट बॉलच्या मध्यापासून जेवढा बाजूला दिसतो त्याच्या डबल बाजूला नेम धरायचा. हाफ बॉलला, म्हणजे पांढऱ्यानं ऑब्जेक्ट बॉल अर्धा झाकला तर, कॉन्टॅक्ट पॉइंट मध्य आणि कड यांच्या बरोबर मधे दिसतो, नेम मात्र थेट कडेवर. हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मे कट सुधारतात.

फ्रॅक्शन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, याच हिशेबाचे ठरलेले टप्पे. पांढऱ्यानं ऑब्जेक्ट बॉल पाऊण झाकला तर साधारण साडेचौदा अंश कट, अर्धा झाकला तर ३० आणि पाव झाकला तर साडेअठ्ठेचाळीस. हे तीन डोळ्यांत बसव, मधले अंदाजानं येतात.

पोवईनाका
सातारकर इथं. जंक्शनभाऊंचं बरोबर आहे पण अर्धंच. "हळू मारला की हमखास चुकतो" असं लिहिलंयस ते वाचून मला नेमापेक्षा तुमच्या पार्लरच्या बॉलवरच संशय येतोय.

टक्कर होताना पांढरा ऑब्जेक्ट बॉलला नुसता ढकलत नाही, घासतही जातो, आणि त्या घर्षणानं ऑब्जेक्ट बॉल जरासा पांढरा जातोय त्या दिशेला ओढला जातो. याला थ्रो म्हणतात. परिणाम काय, तर कट कमी होतो म्हणजेच थिक. हाफ बॉलच्या आसपास, हळू मारलेला आणि स्टन असलेला (पांढरा न लोळता घसरत जाऊन लागतो तो) शॉट घे, तिथं थ्रो सगळ्यात जास्त, चार-पाच अंशांपर्यंत सहज जातो. जोरात मारलं की घर्षण कमी पडतं म्हणून तुझा बॉल जातो! आता चार अंश म्हणजे किती ते बघ, ऑब्जेक्ट बॉल पॉकेटपासून एक मीटरवर असेल तर तो सात सेंटीमीटर बाजूला जाणार. पॉकेट कितीही ढिलं असलं तरी तेवढं पोटात घेत नाही.

आणि बॉलवर चॉकची पावडर, हातांचा घाम, वर कुणीतरी वडा खाऊन तसाच रॅक लावलेला... घर्षण अजून वाढतं. आमच्याकडं पावसाळ्यात कापडही जड होतं, जून ते सप्टेंबर टेबल ओळखू येत नाही. यूट्यूबवरचा माणूस नव्या कापडावर, पॉलिश केलेल्या बॉलनं खेळतोय, त्याचा नेम तू तुमच्या टेबलावर जसाच्या तसा उतरवलास तर कसं जमेल?

उपाय सोपा आहे, हळू कटला नेम किंचित थिन (कडेकडं) धर, नाहीतर थोडा टॉप देऊन बॉल लोळवत मार, थ्रो कमी होतो. आउटसाइड इंग्लिश (पांढऱ्याला कटच्या बाहेरच्या बाजूची फिरकी, म्हणजे साइड) दिली तरी थ्रो मरतो पण ते इतक्यात नको, साइड दिली की पांढरा स्वतःच उलट्या बाजूला सरकून निघतो, मग कशामुळं चुकलं तेच कळत नाही.

कटबहाद्दर
सगळ्यांनी सीटीईला एकदम मोडीत काढू नका राव. सेंटर टू एज, अमेरिकेतल्या हॅल हाउल यांच्या डोक्यातनं निघालेली कल्पना. पांढऱ्याचा मध्य ऑब्जेक्ट बॉलच्या कडेला जुळवायचा, सोबत दुसरी एक रेघ बघायची आणि ठरलेल्या बाजूनं फिरून शॉटवर यायचं. मी वापरतो आणि फरक पडलाय. घोस्ट बॉल ऐकायला सोपा वाटतो, पण हवेतल्या बॉलचा मध्य रोज त्याच जागी दिसतोच असं नाही. इथं निदान खऱ्या बॉलची खरी कड तरी दिसते.

मिरज_जंक्शन
@कटबहाद्दर मोडीत नाही काढत, पण भूमितीचं काय ते सांगा. मध्य ते कड ही एक रेघ आणि तिच्यातनं निघतो एकच कट, ३० अंशांचा. २२ चा पाहिजे असेल तर? तिथं फिरायचं म्हणतात, पण किती फिरायचं ते शेवटी डोळाच ठरवतो. म्हणजे अंदाज आलाच की, फक्त मागच्या दारानं.

कटबहाद्दर
असेल. पण त्या नादात मी दर वेळी उभं राहून रेघ ठरवायला लागलो, आधी मी वाकल्यावर नेम शोधायचो. तेवढ्यासाठी का होईना, फायदा झाला म्हणेन.

जिमखानावाले_काका
पोरांनो, भांडण चांगलं चाललंय, पण त्या सांगलीच्या पोराचा क्यू सरळ जातो की नाही हे कुणीच विचारलं नाही. सगळं आयुष्य बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती गेलं माझं, आमच्या वेळी मार्कर (क्लबात गुण मोजणारा माणूस) शिकवायचा आणि तो सिस्टिमचं नावसुद्धा काढायचा नाही. पहिले कितीतरी दिवस ऑब्जेक्ट बॉलला हात लावू द्यायचा नाही. स्नूकरच्या टेबलावर रंगीत बॉलच्या खुणा म्हणजे स्पॉट एका सरळ रेघेत असतात, त्यातल्या पांढरा ब्राउनच्या स्पॉटवर ठेवायचा, ब्लू, पिंक, ब्लॅक या स्पॉटवरनं समोरच्या कुशनला लावायचा आणि तो त्याच रेघेनं परत येऊन क्यूच्या टिपेला लागला पाहिजे. बाजूला आला म्हणजे बॉलच्या मध्यावर लागलेलं नाही, नकळत साइड गेली. ज्याला हे जमत नाही त्यानं कुठलीही सिस्टिम शिकली काय आणि नाही काय.

बाळा, तुला थोडा हिशेब देतो. हाफ बॉलच्या कटला पांढरा टकरीच्या जागी एक मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर ऑब्जेक्ट बॉलची दिशा सव्वा अंशाच्या आसपास बदलते, एक मीटरवर दोन सेंटीमीटर. तेवढं पूलचं पॉकेट माफ करतं. दोन मिलिमीटर चुकलास की चार सेंटीमीटर, मग जबडा. पाव बॉलला तर एका मिलिमीटरचेच अडीच सेंटीमीटर होतात. आता सांग, दोन मिलिमीटर डोळ्यानं चुकतात का मनगटानं? माझ्या मते दहातल्या आठ पोरांचं मनगट आणि खांदा चुकतो, आणि ती दोष देतात नेमाला.

आणि हाफ बॉल पक्का करायचा असेल तर बिलियर्ड्समधले इन-ऑफ खेळून बघ, म्हणजे ऑब्जेक्ट बॉलला लावून पांढराच पॉकेटमध्ये घालायचा. लोळत जाणारा पांढरा हाफ बॉलला लागला की साधारण ३३-३४ अंशांनी वळतो, आणि गंमत अशी की टक्कर थोडी थिक-थिन झाली तरी हा कोन फारसा हलत नाही. म्हणून आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांच्या काळातली माणसं हाफ बॉलवर एवढी अवलंबून असायची. १९५८ ला कलकत्त्यात ते जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकले, कुठल्याही खेळातले भारताचे पहिले जगज्जेते. असो, विषय निघाला की मी वाहवत जातो.

क्यूवाला_सांगली
काका, तुमचा तो वर-खालचा शॉट आज मारून बघितला. पार्लरला स्नूकरचं टेबल नाही म्हणून पूलच्याच फूट स्पॉटवरनं (जिथं रॅक लावतात त्या खुणेवरनं) मारला. पांढरा परत येताना दर वेळी उजवीकडं येतोय 😭 म्हणजे क्यू वाकडा जातोय ना?

जिमखानावाले_काका
एकाच बाजूला येतोय ना, मग चांगलं आहे, कारण सापडेल. आधी पार्लरचा क्यू टेबलावर लोळवून बघ, टोक उड्या मारत असेल तर तो क्यूच वाकडा, दुसरा घे. क्यू सरळ निघाला तर मोबाईल समोरच्या कुशनवर उभा करून स्वतःचा व्हिडिओ काढ. मारताना कोपर आत येतं का आणि मारायच्या आधीच डोकं वर उचलतोस का, एवढ्या दोनच गोष्टी बघ.

पोवईनाका
आणि कटची प्रॅक्टिस करताना बॉल त्याच जागी लावायला फाइलच्या कागदाच्या भोकाला चिकटवायच्या गोल रिंगा मिळतात ना स्टेशनरीत, त्या वापर. एक पांढऱ्याखाली, एक ऑब्जेक्ट बॉलखाली, हाफ बॉलचा शॉट लाव. आधी हळू मार, मग तोच नेम ठेवून जरा जोरात मार. जोरात गेला आणि हळू नाही गेला तर थ्रो. दोन्ही वेळा एकाच बाजूला सारखाच चुकला तर नेम किंवा उभं राहणं. कधी इकडं कधी तिकडं, तर मग काका म्हणतात तेच, मनगट.

क्यूवाला_सांगली
भारी, हे पटलं. रविवारी सकाळी पार्लर रिकामं असतं, तेव्हा लावतो. बॉल धुवायचे म्हटलं तर मालक हसतोय 😅 कशानं धुवायचे?

पोवईनाका
कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ फडक्यानं पुसायचे आणि पार कोरडे करूनच टेबलावर ठेवायचे. चमकायला म्हणून तेलबिल किंवा गाडीचा स्प्रे लावू नकोस, कापडावर डाग पडले तर मालक हसायचा थांबेल.