‘हरकती व सूचना’ यातली सूचना कोणती?

माजघर :
आमच्या शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे रस्ते आणि जमीनवापर ठरवणाऱ्या आराखड्याचा मसुदा, जाहीर झाली आहे. पेपरातल्या जाहिरातीची सुरुवात ‘या सूचनेद्वारे कळविण्यात येते की’ अशी, आणि शेवटी ‘हरकती व सूचना लेखी सादर कराव्यात’. एकाच कागदावर एकच शब्द दोनदा, पहिली सूचना पालिकेची, दुसरी माझी. शेजारी लखनौकडचे आहेत, त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, पालिका लोकांना हरकती करायला का बोलावते आहे? त्यावर हसून झालं. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. आमच्या रस्त्याचं रुंदीकरण व्हावं असंच मला वाटतं, फक्त पदपथ खाऊ नका एवढं सांगायचं आहे. मग ही हरकत की सूचना? आणि नुसती सूचना केली तर सुनावणीला बोलावतात का?

तिरपागडा :
हरकत अरबीतून फारसीमार्गे आली. मूळ अर्थ हालचाल. हिंदीत ती ‘कृत्य’ झाली, तेही बहुधा आगाऊ. मराठीत मात्र दुसऱ्याच्या हालचालीला आडवी येणारी गोष्ट म्हणजे हरकत. ‘काही हरकत नाही’ आपण दिवसातून दहादा म्हणतो. गवयाची हरकत, म्हणजे सुरांची चपळ फिरत, तेवढी मूळ अर्थाजवळ राहिली. तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, कोणत्याही अर्थाने केलीत तरी चालेल, फक्त मुदतीत करा.

आरेखक (निवृत्त) :
माजघर, आयुष्य नगररचनेच्या नकाशांवर गेलं म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या कामाचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ मध्ये हरकती आणि सूचना जोडीनेच येतात, आणि कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी देते ती हरकत घेणाऱ्यालाही आणि सूचना करणाऱ्यालाही. त्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. म्हणजे सुनावणी मिळावी म्हणून ओढूनताणून विरोध करायची गरज नाही. लोक मात्र करतात. ‘सूचना’ लिहिलं तर टेबलावरून पुढे सरकणार नाही, अशी एक समजूत घट्ट बसलेली आहे, त्यामुळे साधा बदल सुचवणारी पत्रंही ‘तीव्र हरकत’ अशा मथळ्याने येत. त्यातला ‘तीव्र’ पाहून कोणी पत्र आधी वाचल्याचं मला आठवत नाही.

आता शब्दाचं. सूचनेचे अर्थ दोन नाहीत, तीन आहेत. जाहीर सूचना म्हणजे नोटीस. मंत्री अधिकाऱ्यांना ‘सूचना देतात’ तेव्हा तो हुकूम असतो. नागरिक ‘सूचना करतो’ तेव्हा ती विनंती असते. क्रियापद बघा. वरून खाली येते ती दिली जाते, खालून वर जाते ती केली जाते. ‘पालकमंत्र्यांनी पंचनाम्याच्या सूचना दिल्या’ या बातमीत मंत्र्यांनी काही सुचवलं असं कोणीच समजत नाही. उलट ‘रहिवाशांनी पालिकेला सूचना दिल्या’ असं छापून आलं, तर आमच्या साहेबांच्या भुवया वर गेल्या असत्या.

वांगीभात :
नियम एवढा कडक नाही हो काका. ‘आपल्या सूचना जरूर द्या’ असं सगळेच लिहितात. आणि सूचनापेटीत टाकतात त्या कुठल्या सूचना?

आरेखक (निवृत्त) :
मान्य. आज्ञार्थात ‘द्या’ चालतं, कारण तिथे मागणारा वरचाच असतो. तुम्ही स्वतःहून दिल्यात असं भूतकाळात लिहून बघा, मग खडा लागतो. अजून एक गंमत. त्याच योजनेवर जलसंपदा किंवा वन विभाग पत्र पाठवतो, त्याला फाइलीत ‘अभिप्राय’ म्हणतात. मजकूर तोच असतो, की अमुक आरक्षण (बाग, शाळा अशा कामासाठी राखलेली जमीन) चुकीच्या जागी आहे. खात्याचा तो अभिप्राय आणि रहिवाशाची ती हरकत.

बडोदेकर :
गुजरातीत ‘वांधा-सूचनो’ म्हणतात. आम्हा मराठी घरांत वांधा म्हणजे पंचाईत, त्यामुळे नगरपालिकेने आमच्याकडून वांधे मागवले की मजा वाटते. हिंदीत ‘आपत्ति एवं सुझाव’. तिकडे सुझाव हा स्वतंत्र शब्द असल्याने नोटीस आणि सुचवणं यांची गल्लत होत नाही. मराठीत ‘सुचवण्या’ म्हणून बघावं का?

तिरपागडा :
सुचवण्या नको, ओव्या-अभंगांच्या रांगेत बसल्यासारख्या वाटतात.

चाळ क्रमांक चार :
मुंबईचा दाखला विसरू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये २०१४-३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा आला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू आणि देवळं-चर्चं चुकीची दाखवलेली. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना गेल्या. पेपरवाले ‘हरकतींचा पाऊस’ लिहीत होते. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा रद्द करून दुरुस्त करायला सांगितला, मे २०१६ मध्ये नवा आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. माझं म्हणणं असं, की त्या ढिगात धोरणावर बोलणारी पत्रं कमी आणि ‘आमची इमारत नकाशात नाही’ सांगणारी जास्त होती. त्यांना मी हरकतसुद्धा म्हणणार नाही. पालिकेचं सर्वेक्षण लोकांनी फुकटात तपासून दिलं. याला मराठीत काय म्हणाल?

वांगीभात :
बिनपगारी!

पुण्याचा जुन्या हद्दीचा आराखडाही तसाच. २०१३ मध्ये ऐंशी हजारांवर हरकती, मग २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला.

अर्धपान :
मला छळतो तो ‘विचारात घेऊन’. प्रत्येक अंतिम अधिसूचनेत ‘प्राप्त हरकती व सूचना विचारात घेऊन’ हे असतंच. किती आल्या, त्यातल्या कशा फेटाळल्या, का फेटाळल्या, काही नाही. विचारात घेणे म्हणजे वाचणे तरी असतं का?

आरेखक (निवृत्त) :
कायद्याची मागणी तेवढीच आहे, हे कडू सत्य. नियम किंवा उपविधी (कायद्याखाली पालिकेसारख्या संस्थेने केलेले नियम) पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर करायचे असतील, तर महाराष्ट्रात सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्टचं) कलम २४ लागतं. मसुदा प्रसिद्ध करा, तो अमुक तारखेला किंवा नंतर विचारात घेतला जाईल असं सांगा, त्या तारखेआधी आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करा. ‘मान्य करा’ असं ते कलम म्हणत नाही, ‘उत्तर द्या’ असंही नाही. विकास योजनेत निदान नियोजन समितीचा अहवाल तयार होतो आणि त्यात ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’, ‘अमान्य’ अशी नोंद सापडते. उपविधींच्या बाबतीत बरेचदा तेही हाती लागत नाही. ‘नोंद घेतली’ आणि ‘दप्तरी दाखल’ हे दोन शेरे शिकून ठेवा. पहिल्यात निदान आशेला जागा आहे.

चाळ क्रमांक चार :
उपविधींवरून आठवलं. मुंबईत २००६ च्या स्वच्छता उपविधींच्या जागी नवे आणायला एप्रिल २०२५ मध्ये मसुदा आला, त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये कचरा शुल्क सुचवलं होतं. चाळीत तोवर उपविधी म्हणजे सोसायटीचे बायलॉज एवढंच माहीत. शंभर रुपयांचा आकडा ऐकल्यावर सगळ्यांना पालिकेचे उपविधी कळले. कोणी मात्र ‘उपविधी’ म्हटलं नाही. ‘कचऱ्याचा नवा कायदा’ म्हणत होते.

तिरपागडा :
जुन्या लिखाणात त्याला ‘पोटनियम’ भेटतो. मला तोच आवडतो. मोठ्या कायद्याच्या पोटातला. उपविधी म्हटलं की लग्नातला एखादा राहून गेलेला विधी वाटतो.

शिवारातून :
शहरवाल्यांनो, तुम्ही ‘लोकसहभाग’ हा शब्द अजून काढला नाहीत म्हणून आलो. आमच्याकडे तो रोज ऐकू येतो. ओढ्याचं खोलीकरण ‘लोकसहभागातून’, शाळेची रंगरंगोटी ‘लोकसहभागातून’. अर्थ एकच, डिझेलचे पैसे गावाने दिले. पाणीयोजनांत दहा टक्के लोकवर्गणीची अट होती तेव्हापासून हा अर्थ पक्का झाला. पण ग्रामपंचायत पाणीपट्टी किती लावणार, गायरानाचं काय करणार, हे ठरवताना लोक बोलले तर त्याला सहभाग म्हणत नाहीत, ‘ग्रामसभेत गोंधळ’ म्हणतात. ग्रामसभेची दवंडी होते, विषयपत्रिकाही फळ्यावर लागते, ‘ऐनवेळचे विषय’ या ओळीत मात्र खरा विषय लपलेला असतो. तुमच्या हरकतीला निदान आवक क्रमांक मिळतो.

अर्धपान :
‘ऐनवेळचे विषय’! यावर वेगळा धागा काढायला हवा.

माजघर :
सर्वांचे आभार. ‘हरकत व सूचना’ असा दोन्हींचा मथळा घालून एकच पत्र लिहीन म्हणते. पण तीस दिवस कधीपासून मोजायचे? पेपरात जाहिरात उशिरा आली आहे.

आरेखक (निवृत्त) :
राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून, पेपरच्या नव्हे. शेवटच्या दिवसावर जाऊ नका, खिडकीवर रांग लागते. पत्रात गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक घाला, नकाशाच्या त्या भागाची प्रत जोडून पदपथ लाल पेनाने दाखवा, आणि ‘सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहा. दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘नंतर या’ म्हणाले तरी.