ब्राकच्या चित्रातलं 'प्लेन': प्रतल, पैलू की आणखी काही?

रानवारा: फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकच्या 'ल पोर्तुगे' (1911) या चित्रावरचा लेख मराठीत आणतेय. गिटार वाजवणारा माणूस, पण डोळ्यांना दिसतात नुसते तिरके, सपाट तुकडे. मूळ लेखात अशा तुकड्याला 'प्लेन' म्हटलंय. मी त्यासाठी 'प्रतल' लिहिलं, संपादकांनी खोडून 'पैलू' केलं. मला ते पटत नाही. एकेक तुकडा जवळून बघा. एका बाजूची कड काळपट, ठसठशीत. दुसऱ्या बाजूला रंग विरत विरत शेजारच्या तुकड्यात मिसळून जातो. आधीच्या पिढीतला चित्रकार सेझान, त्याच्याकडून आलेली ही रीत. हिऱ्याच्या पैलूला सगळीकडून धार असते, याची एक बाजू उघडीच आहे. मग पैलू कसा?

मोडीवाचक: प्रतलच ठेवा, शाळेत सगळे शिकलेत. पैलू मूळचा फारसी, पहलू म्हणजे बाजू, कूस.

काठावरचा: फारसी कशाला? पैलतीरातला 'पैल' तोच. पलीकडची बाजू तो पैलू.

मोडीवाचक: नाही हो. पैलू डोळ्यांसमोरही असतो, तो पलीकडचा कसा?

काठावरचा: बरं, पण भूमितीतलं प्रतल अमर्याद पसरतं. या तुकड्यांना कडा आहेत. तुमचा शुद्ध शब्दही चुकीचाच की!

सुईदोरा: ताई, 'निरी' म्हणा. नऊवारीच्या निऱ्या घातल्या की घडीची कड धारदार दिसते आणि उरलेलं कापड पुढच्या निरीखाली जातं. तुम्ही सांगताय ते हेच.

मोडीवाचक: वाचक चित्रात लुगडं शोधत बसेल.

सुईदोरा: आणि प्रतल म्हटलं की पाठ्यपुस्तक शोधेल. निरी निदान रोज हाताखालून जाते.

रंगपेटी: माझे वडील पाट्या रंगवायचे, पत्र्याचा साचा धरून अक्षरं उठवायचे. ब्राकही घरं रंगवणाऱ्याचा मुलगा, ते काम शिकलेला. या चित्रातली अक्षरं साच्यानेच उठवलेली आहेत. सगळे तुकडे आत-बाहेर हलतात आणि अक्षरं तेवढी सपाट पृष्ठभागावर बसून राहतात. हे लेखात यायलाच हवं. आणि रंगाला नुसतं 'तपकिरी' लिहू नका. पिवडीत काळा, पांढरा मिसळला की जो मातकट रंग येतो, तो आहे हा.

काठावरचा: तपकिरी का नको? आजीच्या डबीतली तपकीर अगदी अशीच दिसायची.

रंगपेटी: ओली की सुकी? सुकी तपकीर उदी रंगाकडे झुकते.

रानवारा: रंगाचं टिपून घेतलं. पण तो उघड्या कडेचा तुकडा? लेख उद्या द्यायचाय.

मोडीवाचक: अंगाऱ्याला उदी म्हणतात खरं, पण उदी रंग राखाडी नव्हे. तोही तपकिरीच.