मदत हवी आहे: नवऱ्याची कॅनडाची फाईल १९ महिने झाले अडकली आहे, त्याला धीर कसा देऊ?

नमस्कार मंडळी,

मी हॅमिल्टनला एका वृद्धाश्रमात नर्स आहे, पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याची परवानगी, मिळालेली आहे. नवरा निफाड तालुक्यात, त्याच्या गावी. लग्न गावीच झालं, महिनाभर एकत्र राहिलो, रजा संपली म्हणून मी परत आले. स्पाउस स्पॉन्सरशिपची, म्हणजे जोडीदाराला कायमचं बोलावून घेण्याची, फाईल पहिल्यांदा टाकली त्याला १९ महिने झाले. त्यातले सुरुवातीचे तीन महिने फुकट गेले. ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला मराठीत होता. एजंटने त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र न जोडताच फाईल पाठवली, ती अपुरी म्हणून परत आली.

तेच एजंट म्हणाले होते, वर्षाच्या आत काम होतं, राजीनामा तयार ठेवा. नवरा सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला होता, अकरा वर्षांची नोकरी. मेडिकलचं पत्र आलं तेव्हा मीच फोनवर म्हटलं, आता दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, देऊन टाक. त्याने दिला. त्या मेडिकलची बारा महिन्यांची मुदत मागच्या आठवड्यात संपली. आता पुन्हा मुंबईला जाऊन सगळं नव्याने करायचं.

तो सध्या दिरांच्या द्राक्षबागेत हात लावतो. छाटणीच्या दिवसांत बरं असतं, दमून झोपतो. बाकी दिवस फोन हातात घेऊन स्टेटस बघत बसतो. गावात कोणी "मग, कधी?" विचारेल म्हणून त्याने लग्नकार्याला जाणं सोडलंय. पहिला दिवाळसण आमच्याकडे नाशिकला होता. आईने पाट मांडला, औक्षण केलं, आणि माझा नवरा एकटाच पाटावर बसला. बाबांनी शेजारी फोन धरला होता, त्यात मी. इथे पहाटेचे तीन वाजले होते. तो हसत होता, पण जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं, हे मला इतक्या लांबूनही दिसत होतं.

माझी रात्रपाळी सकाळी सातला सुटते, तेव्हा त्याच्याकडे दुपारचे साडेचार झालेले असतात, हिवाळ्यात साडेपाच. बसस्टॉपवर उभी राहून बोलते. पूर्वी बोलायला वेळ पुरायचा नाही. आता "काही आलं का?" "नाही" एवढ्यावर आम्ही दोघं गप्प होतो. परवा तो म्हणाला, "तुझं तिथं आयुष्य चालू आहे, माझं थांबलंय." मला उत्तर देता आलं नाही, कारण ते खरंच आहे आणि ते मी थांबवलंय.

त्याची बॅग गेल्या श्रावणापासून भरलेली आहे. सासूबाईंनी त्यातला गोडा मसाला दोनदा बदलला, जुना झाला म्हणून.

मी ३३ वर्षांची आहे. मूल कधी, हा प्रश्न दोन्ही घरांत आहे आणि आमच्या मनातही आहे. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी सांगा. त्याने पुन्हा नोकरी धरावी का, की धरली आणि लगेच बोलावणं आलं तर पंचाईत होईल? व्हिजिटर व्हिसा एकदा नाकारला गेलाय, "परत जाईल याची खात्री नाही" म्हणून. पुन्हा टाकावा का? आणि त्याच्याशी रोज बोलू काय?

प्रतिसाद:

ताई, व्हिजिटर व्हिसा पुन्हा टाका. कायमचं राहण्याचा अर्ज चालू आहे एवढ्या कारणाने तात्पुरता व्हिसा नाकारता येत नाही, तिथल्या कायद्यातच तशी तरतूद आहे, कलम २२(२). फक्त पत्रात ते लपवू नका, उलट पहिल्याच परिच्छेदात लिहा: फाईल चालू आहे, क्रमांक अमुक, निकाल विरुद्ध गेला तर मुदतीत परत जाईन. शेतीचे कागद, आईवडील भारतात आहेत हे जोडा. २०२३ पासून जोडीदारांच्या व्हिजिटर अर्जांकडे वेगळं लक्ष देतात. तिथे येऊन तुमच्याच पत्त्यावर राहिले तर ओपन वर्क परमिटसाठीही (कुठल्याही मालकाकडे नोकरीचा परवाना) अर्ज करता येतो.

दुसरं, जीसीएमएस नोट्स, म्हणजे इमिग्रेशन खात्याने तुमच्या फाईलवर केलेल्या नोंदी, मागवा. पाच डॉलर फी, नवऱ्याची संमती लागते, साधारण महिन्याभरात येतात. फाईल नेमकी कशावर अडली ते त्यात कळतं. आमची सुरक्षा तपासणीत अडकली होती, आम्ही मात्र लग्नाच्या पुराव्याचे फोटो कमी पडले म्हणून रडत होतो. तुमच्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसातही जा, ते चौकशी करतात, त्यासाठी नागरिक असावं लागत नाही.

प्रतिसाद:

मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होते. सांगलीत, सासरी, २६ महिने. मीही शाळेतली नोकरी सोडली होती, म्हणून एवढंच कळकळीने सांगते, त्यांना कामाला लागू द्या. लगेच बोलावणं आलं तर पंचाईत होईल हा धाक आम्हालाही होता, तो खोटा निघाला. पासपोर्ट मागवल्यावर दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं नसतं. मेडिकलची मुदत असेपर्यंत जाता येतं, आणि तुमचं तर आता नवीनच होणार आहे. महिन्याची नोटीस त्यात आरामात बसते.

मला सगळ्यात जास्त त्रास फाईलपेक्षा लोकांच्या दयेचा झाला. अकरा महिन्यांनी मी शेजारच्या वर्गाला शिकवायला लागले, आणि "अजून इथेच?" विचारणाऱ्यांना "हो, सहामाही जवळ आलीय" असं सांगायला लागले. तेवढ्याने मान वर झाली.

बोलण्याचं म्हणाल तर आम्ही स्टेटसचा विषय फक्त रविवारी काढायचा असं ठरवलं. बाकी दिवस बंदी. पहिला आठवडा जड गेला. मग माझे मिस्टर मला फोन चालू ठेवून स्वयंपाक करायला सांगायचे, न बोलता. कुकरची शिट्टी ऐकायची असायची त्यांना.

मुलाबद्दल: तुम्ही भारतात रजा घेऊन जाऊ शकता, स्पॉन्सर पीआर असेल तर कॅनडातून बस्तान हलवायचं नाही एवढंच. फाईल येईल मग बघू, असं म्हणून आम्ही दोन वर्षं ढकलली. तुम्ही ढकलू नका.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवले, सांगलीचा भाग दोनदा. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "राजीनामा मीपण दिलाच होता ना, तू एकटीने नाही." इतके महिने मी हे ऐकायला थांबले होते, हे मला तेव्हा कळलं. बसस्टॉपवरच रडले.

आज त्याने जुन्या सुपरवायझरना फोन केला. जागा त्याच खात्यात नाही, पण दुसऱ्या शिफ्टला माणूस हवाय, सोमवारी बोलावलंय. नोट्सचा अर्ज मी रात्री भरला. मी रजा मागितलीय, तीन आठवड्यांची, मिळेल असं दिसतंय. सासूबाईंना त्याने बॅगेतला मसाला वापरायला काढ म्हणून सांगितलं.

एक शंका राहिली. व्हिजिटर अर्जाच्या पत्रात आधीच्या नकाराचा उल्लेख आपणहून करायचा, की फॉर्ममधल्या प्रश्नाला "हो" म्हटलं की पुरे?