विषय: मेअखेरीस सोलापूरहून मालवण, होड्या बंद होण्याआधी

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आम्ही यंदा तीन वर्षांनी परदेशातून माहेरी सोलापुरास येत आहोत. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे जावयाला धोंड्याचे जेवण घालायचे आईने दिवाळीपासूनच ठरवून ठेवले आहे. मुलांची शाळा २२ मे रोजी सुटते आणि आम्ही २५ तारखेला पहाटे घरी पोहोचतो. त्यानंतर चार दिवस झोपेची घडी बसवण्यात जातील, म्हणून ३० मे ते ४ जून असे सहा दिवस मालवण-तारकर्लीला जाण्याचा विचार आहे. थोरल्याला अकरावे वर्ष आहे, धाकटी सात वर्षांची आहे आणि सोबत आई-बाबा असतील. मुलांना सिंधुदुर्ग किल्ला आणि समुद्राखालचे मासे पाहायचे आहेत. आई शाकाहारी आहे आणि तिला गुडघ्यांमुळे फार चढउतार जमत नाही. सोलापूरहून कोणत्या रस्त्याने जावे, सहा दिवस कसे लावावेत आणि मुलांना पाण्यात उतरवताना काय सांभाळावे, हे जाणकारांनी कळवावे, ही विनंती.

आपली,
मूळची सोलापूरची एक सभासद

---

ताई, नमस्कार.

मी निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात स्थायिक झालो, तरी मंडळाच्या यादीतून नाव काढलेले नाही, त्याचा आज असा उपयोग होतो आहे. सर्वांत आधी तारखांविषयी लिहितो, कारण बाकीचे सारे त्यांवरच अवलंबून आहे. तुमच्याकडची उन्हाळ्याची सुट्टी जेव्हा सुरू होते, तेव्हा कोकणातला पर्यटनाचा उन्हाळा संपलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, स्कूबा डायव्हिंग आणि पाण्यावरचे बाकीचे सर्व खेळ दरवर्षी साधारण २५-२६ मेच्या सुमारास बंद होतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. पावसाचे म्हणाल तर तो सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येतो, पण २०२५ साली तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी थेट मुंबईत येऊन थडकला होता. तेव्हा ३० मेला निघून तुम्ही पोहोचाल खरे, पण मुलांनी मनात धरलेल्या दोन्ही गोष्टी बंद असतील.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी नातवाला घेऊन २८ मेला मी मालवणच्या जेटीवर उभा होतो. किल्ला समोर, हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ दिसत होता, आणि होड्या मात्र वर ओढून माडांखाली ठेवलेल्या होत्या, त्यांवर ताडपत्र्या बांधण्याचे काम चालू होते. ज्या हॉटेलात उतरलो होतो त्यांनी फोनवर "सगळे चालू आहे, या" असे सांगितले होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते, कारण त्यांचे हॉटेल चालूच होते. नातू अर्धा तास किल्ल्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "आजोबा, आपला भुईकोटच बरा, आत तरी जाता येते."

म्हणून माझी सूचना अशी की शाळेकडे शेवटच्या आठवड्याची रजा मागावी, १६-१७ मेपर्यंत सोलापुरास यावे आणि आधी मालवण, मग धोंडे असा क्रम लावावा. अधिक महिना १७ मेला लागून १५ जूनपर्यंत आहे, त्यामुळे जावयाचे वाण कुठे पळून जात नाही. १९ ते २३ मे हे दिवस मी मुद्दाम सुचवतो आहे, आणि त्याचे कारण आपल्या सोलापुरातूनच निघणाऱ्या दाते पंचांगात सापडेल. १६ मेला अमावास्या आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असते, म्हणजे भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते, आणि अष्टमीच्या सुमारास पाण्याची ही चढउतार सर्वांत कमी होते, त्याला कोकणात भांग म्हणतात. यंदा अष्टमी २३ मेच्या सुमारास येते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत.

भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेबही सांगून ठेवतो. तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे, म्हणजे तिथीची पाऊणपट करावी. येणारा आकडा हा भरतीचा साधारण तास असतो. चतुर्थीला तीन वाजता भरती, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे, आणि तिच्या आगेमागे सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. मालवणकडे भरती त्याहून थोडी आधी येते, तेव्हा अर्धा-एक तास अलीकडे धरावा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथला वाळूचा पट्टा, ज्याला हल्ली सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, तो ओहोटीलाच उघडा पडतो, म्हणून हा हिशेब खिशात असलेला बरा. मात्र संगमावर पोहायला उतरू नये. ओहोटीला नदीचे आणि समुद्राचे पाणी एकाच दिशेने बाहेर ओढत असते, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्याही पायांखालची वाळू सरकते. पोहायचे असेल तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, सकाळी, आणि मुलांचा हात धरून. वाऱ्याचा जोर वाढला किंवा वादळाची सूचना आली, तर त्या दिवशी पाण्याचे नावच काढू नये. २०२१ मधले तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच या किनाऱ्याजवळून गेले होते.

रस्त्याचे सोपे आहे. सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा रत्नागिरी-नागपूर महामार्ग, आणि कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून कणकवली आणि तिथून मालवण. एकूण साधारण चारशे किलोमीटर धरावे. गगनबावड्याकडूनही उतरता येते, पण घाटांची कामे अधूनमधून निघतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी कोल्हापूरला कोणाला तरी विचारावे. पहाटे पाचला सोलापूर सोडावे, म्हणजे सांगोल्याच्या पुढचे माळ ऊन तापण्याआधी मागे पडतात. घाट उतरताना एक गंमत होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो, तिकडे तो ३३-३४ वर येतो, आणि तरी माणूस जास्त हैराण होतो. सोलापुरात घाम येतो तसा सुकतो. तिकडे हवेतच पाणी असल्यामुळे तो अंगावरच राहतो. पहिल्या दिवशी मुलांना दुपारी बाहेर काढूच नये, आणि पाणी तहान लागण्याची वाट न पाहता देत राहावे.

याच दमट हवेचा फटका मला टॉवेलांत बसला. सोलापूरच्या माणसाने समुद्रावर टॉवेल विकत घेणे शोभत नाही, म्हणून आम्ही घरचे चांगले जाड सहा टॉवेल नेले. सोलापुरात गच्चीवर अर्ध्या तासात कडक होणारा तो टॉवेल तारकर्लीला दुसऱ्या दिवशी दुपारीही ओलाच होता आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास येऊ लागला. पातळ पंचे न्यावेत.

किल्ल्याला सकाळची पहिली होडी धरावी, कारण आत सावली फार कमी आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत तो उभा केला. मुलांना आत शिरण्याआधी एक खेळ लावून द्या. होडी जवळ येईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते ओळखायला सांगा. तटाच्या वळणात तो असा लपवला आहे की अगदी समोर जाईपर्यंत दिसत नाही. आत शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची दाढी नसलेली मूर्ती आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी आहे. आईंना तटावर चढवू नका, देवळापर्यंतची वाट त्यांना जमेल. होडीत लाइफ जॅकेट अंगावर चढवल्याखेरीज, आणि त्याचे पट्टे बांधल्याखेरीज, कोणी बसू नये, आणि धाकटीच्या मापाचे आहे ना ते आधी विचारावे. किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा मोठा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. थोरल्याला स्कूबासाठी उतरवाल, तेव्हा प्रवाळावर पाय न देण्याची ताकीद द्या, आणि वयाची अट त्या केंद्रावरच विचारून घ्या. धाकटीला काचेच्या मुखवट्यातून पाण्यात डोकावणे पुरे.

सकाळी लवकर उठता आले तर किनाऱ्यावर रापण पाहावी. दोन्ही टोकांना दोर धरून पंधरा-वीस माणसे जाळे हळूहळू वाळूवर ओढतात. विचारून दोराला हात लावता येतो. जाळे शेवटच्या दहा हातांवर आले की आतले बांगडे आणि तारल्या पाण्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज करू लागतात. मला किल्ल्याइतकाच तो आवाज लक्षात आहे. जेवणात ओल्या काजूगरांची उसळ आईंसाठी आवर्जून मागवा.

आपला,
जुळे सोलापूरचा एक जुना सभासद

---

नमस्कार.

काकांनी तारखांविषयी लिहिले ते अगदी योग्य आहे, पण माझे माहेर वेंगुर्ल्याचे असल्यामुळे काजूगरांविषयी गप्प बसवत नाही. ओले काजूगर हा फाल्गुन-चैत्राचा मेवा आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोणी ओल्या गरांची उसळ म्हणून पानात वाढली, तर ते बहुधा सुके गर भिजवलेले असतात. चवीला वाईट नसतात, पण ओल्याचा भाव देऊ नये. ताईंच्या आईंनी त्याऐवजी फणसाची भाजी, सोलकढी, घावणे आणि नारळाच्या गोड रसातले शिरवाळे मागावेत. सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी असावी, कारण रोज नारळ खाऊन सोलापूरच्या जिभेला तिसऱ्या दिवशी तिखटाची आठवण होतेच. शाकाहारी जेवण घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले तर चांगले मिळते. ऐनवेळी विचारले तर तुमच्यासमोर नुसता डाळभात येतो.

मे महिन्याची खरी गंमत रातांब्यांची आहे. त्या दिवसांत घरोघरी अंगणात रातांबे फोडलेले असतात, त्यांच्या लाल वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात मांडतात, आणि साखर विरघळून तळाशी गडद लाल पाक साचत जातो, तेच कोकम सरबत. ज्या घरात उतराल तिथल्या बाईंना विचारून मुलांना दोन-चार वाट्या भरू द्या. हापूसचा हंगाम तोवर उतरणीला लागलेला असतो. घ्यायचाच तर देठापाशी वास घेऊन घ्यावा, नुसत्या रंगावर जाऊ नये. परतीच्या विमानात ताजे आंबे नेण्याच्या भानगडीत पडू नका. आंबापोळीसुद्धा आधी नियम पाहूनच न्या.

रजा मिळाली नाही आणि मेअखेरीलाच यावे लागले, तर मालवणचा हट्ट सोडून होडी न लागणाऱ्या जागा धराव्यात. विजयदुर्गाला जमिनीवरून जाता येते. तोच जुना घेरिया, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे, जे १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. कुणकेश्वरचे देऊळ अगदी समुद्राच्या काठावर आहे. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात आणि हाताने रंगवलेले गोल गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, पाहायला मिळतात. दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा असतो. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या पाहाव्यात. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. शिरोड्याची मिठागरेही मुलांना दाखवा आणि त्यांना सांगा की १९३० च्या ज्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, त्याच महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह चालू होता. परतीला आंबोलीमार्गे यावे. पाऊस लागला असेल तर घाटातल्या धबधब्यांना नुकते पाणी सुटलेले असते, मात्र रस्ता निसरडा असतो.

एक लहानशी दुरुस्ती आणखी. पंचा काकांचा, पण जाड टॉवेल एक असू द्यावा. समुद्रातून बाहेर आलेली सात वर्षांची मुलगी वाऱ्यावर थरथरू लागली की पंचा पुरत नाही.

आपली,
वेंगुर्ल्याची लेक, सोलापूरची सून

---

काका आणि वहिनी, आपले दोघांचे मनापासून आभार.

शाळेने पाच दिवसांची रजा दिली आहे. वर्गशिक्षिकेने एवढीच अट घातली आहे की थोरल्याने परत आल्यावर भरतीचा तो तीन-चारचा हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवावा. तिकिटे बदलून आता १७ मेला सोलापूर आणि १९ ला पहाटे मालवणकडे असे ठरले आहे. धोंड्याचे जेवण २८ तारखेला गेले, त्यावर आई थोडी नाराज होती, पण आपली पत्रे तिला वाचून दाखवल्यावर तिने स्वतःच पंचांग उघडले आणि तिथ्यांची पाऊणपट करत बसली. बाबांनी सहा पंचे आणि एक जाड टॉवेल वेगळा काढून ठेवला आहे. तारकर्लीच्या एका घरगुती मुक्कामाशी बोलणे झाले, तेव्हा त्या बाईंनी आपणहून सांगितले की उसळ करीन, पण गर सुके असतील.

आपली,
मूळची सोलापूरची सभासद