‘धरणग्रस्त’ म्हणावं की ‘विस्थापित’?

बुडीतकाठ:
धरणात गाव गेलेल्या माणसाला आपण सर्रास ‘धरणग्रस्त’ म्हणतो. मला हा शब्द खटकतो. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. पंचांगात ‘ग्रस्तोदित’ ग्रहण असतं, म्हणजे ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवलेला सूर्य किंवा चंद्र. त्याच ‘ग्रस्त’पासून दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त झाले. पण किल्लारीचा 1993 चा भूकंप कुणी ठरवून आणला नव्हता. कोयना धरण ठरवून बांधलं. मोजणी झाली, नोटिसा आल्या, मग गावं उठली. ‘ग्रस्त’ म्हटलं की ते सगळं दैवावर जातं. ‘विस्थापित’मध्ये ‘स्था’ धातूचं प्रयोजक रूप आहे. माणूस हलला नाही, त्याला हलवलं. म्हणून लिहिताना, बोलताना विस्थापितच म्हणावं.

लाभक्षेत्र:
अजिबात पटलं नाही. आमचं घर कोयनेच्या बुडितातून सोलापूर जिल्ह्यात आलं. वसाहतीत स्वतःला विस्थापित म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. मोर्चाच्या फलकावर धरणग्रस्त, दाखल्यावर प्रकल्पग्रस्त. सरकारी भरतीतलं 5 टक्के समांतर आरक्षण त्याच दाखल्यावर मिळतं. आणि दैवाचं म्हणाल, तर शब्दाच्या तोंडालाच ‘धरण’ आहे! कशानं गिळलं ते स्पष्ट सांगितलंय. तुमच्या विस्थापितात ना धरण, ना कारखाना, ना सरकार.

कालवाफाटा:
दोघंही एकाच माणसाबद्दल बोलताय असं धरून चाललात. माझ्या मामांची जमीन कालव्यात गेली, घर जागेवर राहिलं. ते विस्थापित नाहीत, पण प्रकल्पग्रस्त आहेत. राज्याचा 1976 चा पुनर्वसन कायदा नावातच ‘विस्थापित’ व्यक्तींचा होता. 1986 आणि 1999 च्या कायद्यांच्या नावात ‘प्रकल्पबाधित’ आले. ‘विस्थापित’ हाच शब्द रूढ केला, तर मामांसारखे लोक बोलण्यातूनच गळतील.

बुडीतकाठ:
मामांसाठी प्रकल्पग्रस्त राहू द्या, मान्य. पण ज्याचं अख्खं गाव, देऊळ, मसणवट पाण्याखाली गेली, त्याला त्याच रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. सरदार सरोवरात नंदुरबारची 33 गावं आली. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्या आदिवासींच्या नावावर कागद नव्हता, म्हणून त्यांच्यावर ‘अतिक्रमणदार’ असा शिक्का बसला. तिथे ‘बाधित’ फारच मवाळ आहे. बाधा काय, खाण्यातूनही होते.

जुनापाटा:
व्युत्पत्तीवर इतका भार टाकू नका. संस्कृतात निर्वासन म्हणजे हद्दपारी. फाळणीनंतर सिंधमधून कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्यांना मराठीनं ‘निर्वासित’ म्हटलं, आणि अर्थ झाला आसरा शोधत आलेला. त्या छावण्यांचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. शब्दाला अर्थ वापरातून येतो, धातूतून नाही.

लाभक्षेत्र:
हेच म्हणतोय मी. आणि हलवणारा दिसायला हवा असेल, तर संस्कृतापर्यंत जायची गरजच नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं “आमास्नी उठिवलं” म्हणतात.

बुडीतकाठ:
‘उठवलेले’ चालेल मला, विस्थापितपेक्षाही आवडेल. फक्त ‘ग्रस्त’ नको.

लाभक्षेत्र:
मग दाखल्यावर काय छापायचं तेही सांगा. तोवर आम्ही धरणग्रस्तच.