वस्तऱ्याला नवी मूठ: पिन वाकते, पातं एका अंगाला झुकतं. सल्ला हवा

पोलादवेडा:
इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचा जुना वस्तरा आहे. मुठीच्या शिंगाच्या पट्ट्या किड्यांनी खाल्ल्यामुळे शिसवीच्या, ३ मिमी जाडीच्या नव्या पट्ट्या कापल्या आहेत. १.६ मिमीची पितळी पिन ठोकताना मधेच वाकते. मिटल्यावर पात्याची धार उजव्या पट्टीला घासते. पट्ट्यांच्या मागच्या टोकाशी, दोघींच्या मधे बसणारी पाचर सपाट, २ मिमी जाडीची आहे. नेमकं काय चुकतंय?

कानस-हातोडी:
आधी पाचर बदला. सपाट पाचरीने दोन्ही पट्ट्या समांतर राहतात आणि टँगवर, म्हणजे पात्याच्या पिनेवर फिरणाऱ्या बिनधारेच्या भागावर, दाबच येत नाही. पाचर टोकाकडे साधारण ३ मिमी आणि आतल्या बाजूला १ मिमीपर्यंत निमुळती हवी. मग पट्ट्या टँगच्या अंगावर स्प्रिंगसारख्या बसतात आणि पातं जिथे ठेवाल तिथे थांबतं. जुन्या शेफील्डमध्ये शिशाची पाचर सापडते. ती कानशीने घासू नका, शिशाची भुकटी पोटात जायला नको.

पिन वाकते ती जास्त लांब ठेवल्यामुळे. वॉशरच्या वर प्रत्येक बाजूला पाऊण ते एक मिमीच ठेवा. शंभर ग्रॅमची गोल तोंडाची हातोडी घ्या आणि पिनच्या कडेकडेने हलके टिचके मारा. दहाबारा टिचक्यांनंतर वस्तरा उलटा करा, पुन्हा तेच. जोराचा घाव मधोमध बसला तर टोकाची गोल टोपी व्हायच्या आधी पिन भोकातच फुगते आणि शिसवी तंतूच्या रेषेत तडकते. लाकडात हे फार लवकर होतं, शिंग थोडं तरी सोसतं.

रंधा:
धार घासते त्यासाठी आधी पातंच तपासा. काचेवर पाठ टेकवून बघा, जुन्या शेफील्डची बरीच पाती मुळातच किंचित पिळलेली असतात. पातं सरळ निघालं तर दोष भोकांचा. दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने जोडून, स्टँडच्या ड्रिलवर एकदमच भोक पाडा. हाताने पाडलेलं भोक तिरकं जातं, आणि मिटल्यावर टोकाशी तो तिरकेपणा कितीतरी वाढून दिसतो.

टँगचं भोकही बघा. झिजून मोठं झालं असेल तर १.६ मिमी आतल्या व्यासाची पितळी नळी इपॉक्सीने बसवा. नाहीतर टोपी कितीही चांगली ठोकली तरी पातं डुगडुगणारच.

पोलादवेडा:
तार १६ गेजची, वेटोळ्यातली आहे. चालेल? आणि आधी कुठली पिन ठोकायची?

कानस-हातोडी:
गेज बरोबर आहे, पण वेटोळ्यातली तार बहुधा मऊ असते. एक टोक शिकंज्यात धरून दुसरं ओढा, सरळही होईल आणि थोडी कडकही.

पाचरीची पिन आधी, बिजागरीची शेवटी. त्याआधी दोन्ही भोकांत बारीक नट-बोल्ट घालून वस्तरा पूर्ण जुळवा आणि वीसेक वेळा उघडमीट करा. धार अजूनही उजवीकडे जात असेल तर पाचरीची एक बाजू चारशेच्या पॉलिश पेपरवर किंचित उतरवा. पिन ठोकल्यावर ही सोय उरत नाही. टँग आणि पट्टी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पातळ पितळी वॉशर विसरू नका. सगळं होईपर्यंत धारेवर चिकटपट्टी हवीच.

रंधा:
पट्ट्यांना आतून तेल किंवा लाख आत्ताच लावा. जुळणी झाल्यावर तिथे फडकं पोचत नाही, आणि ओलं पातं मिटलं की कोरड्या लाकडात पाणी मुरून गंज तिथूनच सुरू होतो. शिसवीचा भुसा छातीला आणि कातडीला त्रास देतो, घासताना मास्क लावा.