बैठकीतील शांतता म्हणजे संमती नव्हे
बैठकीत कोणी विरोध केला नाही म्हणजे सर्वांचा कल अनुकूल आहे, हे मत अनेकदा मांडले जाते, पण मला ते पटत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी असताना पाळ्या बदलण्याच्या प्रस्तावावर सगळे गप्प बसले, साहेबांनी होकार गृहीत धरला, आणि खरी नाराजी मात्र बाहेर चहाच्या गाड्यावर ऐकू आली. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत रेषांच्या लांबीतला फरक स्पष्ट दिसत असूनही अनेकांनी गटातल्या इतरांनी मुद्दाम दिलेलेच चुकीचे उत्तर दिले; एक जण जरी खरे बोलला, तरी हे प्रमाण खूप घटले. म्हणूनच मी आता सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू देतो, कारण वरिष्ठ एकदा बोलले की उरलेल्यांचे खरे मत कळणे फार अवघड होते.